बोलायला उशीर होणारे मूल आणि शी-शूची सवय

‘मूल शी-शू सांगते का?’ हा प्रश्न बालवाडीच्या प्रवेशाच्या वेळी हमखास विचारला जातो. ज्या मुलाला बोलायलाच उशीर होत आहे, त्याचे आईवडील इथेच अडतात. प्रवेश लांबतो आणि चार मुलांत बसून जे शब्द त्याच्या कानावर पडले असते तेही लांबतात.

आमच्या मते सारा घोटाळा ‘सांगणे’ या शब्दात आहे. सांगणे म्हणजे बोलणेच, असे धरून आपण ‘बोलू लागले की शिकेल’ म्हणत थांबून राहतो. वास्तविक मलमूत्रावरील ताबा हा मुख्यतः स्नायूंचा व मज्जासंस्थेचा विषय आहे. चड्डी दीड-दोन तास कोरडी राहू लागली, ओली होताच मूल अस्वस्थ होऊ लागले, हातवाऱ्यांनी दिलेली साधी सूचना त्याला कळू लागली, की तयारी झाली असे समजावे. बहुधा हे दीड ते तीन वर्षांच्या दरम्यान घडते. काहींना अधिक काळ लागतो.

‘शी’ आणि ‘शू’ हे शब्द कानाला इतके जवळचे आहेत की अशा मुलाला त्यांतील फरक पकडणे कठीण जाते. म्हणून दोन्हींसाठी हाताच्या दोन वेगळ्या खुणा ठरवाव्यात आणि खूण करताना शब्दही दर वेळी उच्चारावा. खुणांमुळे मूल बोलायचे राहते, ही भीती निराधार आहे. मात्र घरातील सर्वांनी, अगदी आजीनेसुद्धा, तीच खूण वापरली पाहिजे.

तीन-चार दिवस वेळांची नोंद वहीत ठेवावी. (आम्हा बँकेतल्या माणसांना नोंदीवाचून चैन पडत नाही!) जेवणानंतर आतड्यांची हालचाल वाढते, तेव्हा पाय नीट टेकतील असे पाच मिनिटे बसवावे. शी घट्ट होत असेल तर दुखण्याच्या भीतीने मूल ती रोखून धरते. तो हट्ट नव्हे. तिथे रागावण्यापेक्षा पाणी, फळे, भाज्या द्याव्यात आणि गरज पडल्यास डॉक्टरांना दाखवावे.

मुलाची श्रवणतपासणी मात्र लांबणीवर टाकू नये. १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था मुंबईत वांद्रे येथे याच कामासाठी आहे. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीतही मुलांची तपासणी करतात.

प्रवेशाच्या दिवशी बालवाडीच्या ताईंना त्या दोन्ही खुणा प्रत्यक्ष करून दाखवाव्यात, आणि मुलालाही त्यांच्यासमोर करायला लावाव्यात.