धाप थांबली, दमा नाही

छत्रपती संभाजीनगरात मूल रात्री धापा टाकू लागले की घरचे गाडी काढतात आणि घाटी रुग्णालय किंवा जवळचा दवाखाना गाठतात. वाफ दिली जाते, पहाटेपर्यंत छातीतली घरघर बसते. ही धावपळ करायलाच हवी. मला काळजी वाटते ती त्यानंतरच्या महिन्यांची. खोकला थांबला की औषधही थांबते, फेरतपासणी राहून जाते आणि पुढच्या थंडीत पुन्हा तीच रात्र उगवते. दमेकरी मुलांना आपण दवाखान्यात नेत नाही असे नाही, आपण फक्त धाप लागल्यावर नेतो. दम्यात श्वासनलिका आतून सुजलेली असते. वाफेतले साल्ब्युटामॉल आवळलेले स्नायू चार-सहा तास सैल करते, पण सूज तशीच राहते. ती उतरवते पंपातून रोज घ्यायचे सौम्य स्टिरॉइड, आणि नेमके तेच आपल्याकडे फारसे कुणी घेत नाही. भारतातल्या नऊ केंद्रांवरच्या एका मोठ्या पाहणीत, छातीत घरघर असलेल्यांपैकी सुमारे ८२ टक्के जणांच्या दम्याचे निदानच झालेले नव्हते आणि रोज असा पंप घेणारे अडीच टक्क्यांहून कमी होते. जगातले साधारण १३ टक्के दमेकरी भारतात आहेत. दम्याने होणाऱ्या मृत्यूंत मात्र आपला वाटा ४० टक्क्यांच्या वर जातो.

यावर घरोघरी ऐकू येणारे उत्तर म्हणजे ‘पंपाची सवय लागते’. ही भीती मी हसण्यावारी नेणार नाही, कारण ती मायेपोटीच आलेली असते. पण मात्रा बघा. पंपाच्या एका दाबात साल्ब्युटामॉल १०० मायक्रोग्रॅम असते, तर त्याच औषधाच्या पाच मिलिलिटर सिरपमध्ये २ मिलिग्रॅम, म्हणजे वीसपट. सिरप पोटातून सगळ्या अंगात फिरते, पंपातले औषध थेट छातीत जाते. स्टिरॉइडने उंची खुंटते, ही शंका अधिक रास्त आहे. उत्तर अमेरिकेत नऊशेहून अधिक मुलांचा मोठेपणापर्यंत पाठपुरावा झाला. लहानपणी काही वर्षे रोज ब्युडेसोनाइड हे पंपातले स्टिरॉइड घेतलेल्यांची उंची सरासरी १.२ सेंटिमीटर कमी भरली. फरक आहे, तो लपवू नये. पण दर अटॅकला पोटातून द्यावी लागणारी स्टिरॉइडची मोठी मात्रा आणि बुडणारी शाळा दुसऱ्या पारड्यात टाकून मग ठरवावे. मृगाला हैदराबादला जाऊन दम्यावर माशाचे औषध घेणाऱ्यांना माझे एवढेच सांगणे आहे, की श्रद्धेपायी पंप बंद करू नका. मोठेपणी बाळदमा जातो, हे पुष्कळांच्या बाबतीत खरे आहे. आपल्या मुलाचा जाईल की नाही, हे आज कुणीच सांगू शकत नाही.

म्हणून मूल बरे असताना डॉक्टरांकडे जा. पंप आणि स्पेसर (पंपाला जोडायची नळी) सोबत न्या, मुलाला त्यांच्यासमोर ओढायला लावा. औषध लागू पडत नाही असे वाटते तिथे अनेकदा ओढण्याची पद्धतच चुकलेली असते. स्टिरॉइडच्या पंपानंतर चूळ भरायला लावा. अटॅक आला तर साल्ब्युटामॉलचे किती दाब द्यायचे, हे कागदावर लिहून मागा. आणि बोलताना शब्द तुटू लागले, बरगड्या आत ओढल्या जाऊ लागल्या किंवा ओठ निळसर दिसले, तर तोच पंप देत देत दवाखाना गाठा, सकाळ होण्याची वाट पाहू नका.