लक्षणं फक्त आईलाच दिसतात तेव्हा

प्रश्न : तीन वर्षांच्या मुलाला झटके येतात, असं सांगत आई दवाखाने बदलते, रिपोर्ट नॉर्मल येतात. संशय घ्यावा का?
– आशा सेविका, खुटबाव (ता. दौंड)

उत्तर : एवढ्यावर नाही. दवाखाने बदलणारी बहुतेक आईबापं खरोखर धास्तावलेली असतात, आणि झटक्यांच्या आजारात रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतात.

पण मुद्दाम आजार घडवणारे पालकही असतात. 1977 मध्ये लीड्सचे बालरोगतज्ज्ञ रॉय मेडो यांनी ‘लॅन्सेट’मध्ये सहा वर्षांच्या मुलीची हकिगत मांडली. तिच्या लघवीत रक्त सापडे. तपासण्यांनी पोर बेजार झाली होती. अखेर उलगडलं : नर्सने स्वतः घेतलेला नमुना स्वच्छ, आईच्या हाती राहिलेला रक्ताळलेला.

याच मेडोंनी न्यायालयात चुकीची आकडेवारी मांडलेल्या खटल्यात 1999 मध्ये दोषी ठरलेली एक आई 2003 मध्ये सुटली. म्हणून संशयापेक्षा नोंदींना पहिला मान हवा.

सगळे जुने कागद तारखेप्रमाणे लावावेत. झटका कुणी पाहिला, तेव्हा जवळ कोण होतं, हे वहीत लिहावं. वही वैद्यकीय अधिकाऱ्यांना दाखवावी. आधीच्या डॉक्टरांशी त्यांनी बोलावं. आईवर एकटीने आरोप करू नये, त्याने बाळाचा धोका वाढू शकतो. धोका स्पष्ट दिसला तर 1098 या बालमदत क्रमांकावर लगेच फोन करावा; पुढे बालकल्याण समिती लक्ष घालते.