मोबाईलवरील मोजकी खाती : निवड, मांडणी व वाचन

आजचे युग हे माहितीचे युग आहे, असे आपण नेहमी ऐकतो. परंतु माहिती भरपूर मिळणे आणि हवी ती माहिती वेळेवर मिळणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या सुप्यात आज ज्याच्या घरी वर्तमानपत्र येत नाही, त्याच्याही हातात मोबाईल आहे. त्यावर सकाळपासून रात्रीपर्यंत शुभेच्छा, चित्रफिती, जाहिराती आणि अफवा येत राहतात. या गर्दीत परीक्षेची किंवा शिष्यवृत्तीची एक ओळ दडून जाते. ती ओळ हाती कशी लागावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. एक उदाहरण

महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची राज्यसेवा पूर्व परीक्षा रविवार, दि. 25 ऑगस्ट 2024 रोजी ठरली होती. त्याच दिवशी आयबीपीएसची बँक लिपिक पदाची पूर्व परीक्षाही होती. हजर राहायचे कोठे, हा प्रश्न दोन्ही अर्ज भरलेल्या मुलामुलींपुढे उभा राहिला. कृषी सेवेतील 258 पदांचा समावेश व्हावा, हीही मागणी होती. पुण्यात शास्त्री रस्त्यावर विद्यार्थ्यांनी आंदोलन केले. गुरुवारी 22 ऑगस्टला आयोगाची बैठक झाली आणि परीक्षा पुढे ढकलल्याचे आयोगाने ‘एक्स’ या माध्यमावरील आपल्या खात्यावरून जाहीर केले. पुढे ती परीक्षा 1 डिसेंबर 2024 रोजी झाली.

माझ्या पुतणीने दोन्ही अर्ज भरले होते. त्या दिवशी तिच्या मोबाईलवरील सात-आठ गटांत उलटसुलट निरोप येत होते. एकात परीक्षा होणारच, दुसऱ्यात रद्द झाली, तिसऱ्यात कुठले तरी जुनेच पत्रक. “काका, आता मी कशाचा अभ्यास करू?” असे तिने विचारले, तेव्हा मी आयोगाचे खाते उघडून दाखवले. दोन मिनिटांत उलगडा झाला. तोवर तिची सबंध संध्याकाळ वाया गेली होती. परीक्षा तोंडावर असताना एक संध्याकाळही लहान नसते. आणि हाच घोळ अर्जाच्या शेवटच्या तारखेबाबत झाला असता, तर वर्ष गेले असते.

२. गर्दी का होते?

ही माध्यमे आपल्याला फुकट वाटतात, परंतु त्यांचे मुख्य उत्पन्न जाहिरातींतून येते. आपली नजर जितका वेळ पडद्यावर राहील, तितक्या जाहिराती दाखवता येतात. म्हणून नवे ते वर, जुने ते खाली हा साधा क्रम मागे पडला. ट्विटर (आजचे एक्स) आणि इन्स्टाग्राम यांनी 2016 पासून, वाचकाला काय आवडेल याचा संगणकाने अंदाज बांधून नोंदी लावण्यास सुरुवात केली. या अंदाजात हसवणारी किंवा चिडवणारी चित्रफीत पुढे येते आणि सरकारी सूचना मागे राहते. सबब दोष सर्वस्वी आपल्या मनाच्या दुबळेपणाचा नाही. परंतु मांडणी बदलणे मात्र आपल्या हातात आहे.

३. खात्यांची निवड

प्रथम कागदावर लिहावे : मला कशाची माहिती हवी? त्यानुसार पाच-सहा खाती पुरेशी होतात. आपल्या विद्यार्थ्यांपुरते बोलायचे तर लोकसेवा आयोग, पुण्याची ‘बार्टी’ म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर संशोधन व प्रशिक्षण संस्था, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, रिझर्व्ह बँक आणि पत्र सूचना कार्यालयाचा तथ्य-पडताळणी विभाग, ही नावे मी सुचवीन. यातील शेवटचा विभाग 2019 साली सुरू झाला असून तो केंद्र सरकारविषयीच्या खोट्या बातम्या तपासतो.

निवड करताना एक दक्षता घ्यावी. नाव आणि बोधचिन्ह कोणीही उचलू शकतो. एक्सवरील निळी खूणही 2023 पासून पैसे भरून मिळते. सरकारी खात्यांना करडी खूण असते. म्हणून नाव शोधून खाते उघडण्यापेक्षा आधी संस्थेचे अधिकृत संकेतस्थळ उघडावे व तेथील दुव्यावरून खात्यावर जावे. रोखपाल नोट उजेडात धरून पाहतो, तसेच हे आहे.

४. खात्यांची मांडणी

(अ) एक्स : येथे ‘लिस्ट’ म्हणजे यादी करण्याची सोय आहे. नवी यादी करावी, ती खासगी ठेवावी, निवडलेली खाती तीत घालावीत आणि यादी ‘पिन’ करावी. त्यानंतर ती मुख्य पानाच्या वरच्या बाजूस दिसते. यादीत आपण घातलेल्या खात्यांच्याच नोंदी, नवी आधी या क्रमाने येतात.

(आ) यूट्यूब : पहिल्या पानावर रेंगाळू नये. ‘सबस्क्रिप्शन्स’ या भागात आपण निवडलेल्या वाहिन्यांच्या नव्या चित्रफिती मिळतात. घंटेची खूण एखाद-दुसऱ्या वाहिनीपुरतीच चालू ठेवावी.

(इ) व्हॉट्सअॅप : भारतात सप्टेंबर 2023 पासून ‘चॅनेल’ ही सोय आली. तीत निरोप एकाच बाजूने येतो, त्यामुळे गटासारखी शंभर जणांची उत्तरे वाचावी लागत नाहीत. जे गट सोडता येत नाहीत ते निदान ‘म्यूट’ करावेत. नात्यातला गट सोडून कोणाचे मन दुखवण्याची गरज नाही.

(ई) फीड रीडर : काही संकेतस्थळे ‘आरएसएस’ नावाची सोय देतात. फीड रीडर नावाच्या अॅपमध्ये तिचा पत्ता घातला, की त्या संकेतस्थळावरील नवे मथळे आपोआप एकत्र येतात. रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर प्रसिद्धीपत्रकांसाठी ही सोय आहे. यात अंदाज बांधणारा संगणक मध्ये येत नाही.

५. वाचनाची शिस्त

दिवसातून दोन वेळा, दहा-दहा मिनिटे पुरेत. बाकी वेळ सूचनांचा आवाज बंद असावा. खात्यावरील नोंद ही केवळ वर्दी समजावी. मूळ पत्रक संकेतस्थळावरून उघडून त्याचा क्रमांक, दिनांक आणि अखेरची तारीख वहीत उतरवावी. महाडीबीटी संकेतस्थळावरील शिष्यवृत्ती अर्ज किंवा स्वाधार योजना यांच्या बाबतीत ही वही फार उपयोगी पडते. दर तीन महिन्यांनी खाती तपासावीत. ज्या खात्याने वहीत एकही ओळ दिली नाही, ते काढून टाकावे.

बँकेतील अनुभवावरून आणखी एक सांगतो. निरोपातून आलेली एपीके फाईल कधीही उघडू नये, मग ती कोणत्याही योजनेच्या नावाने येवो. पैसे गेल्यास विलंब न लावता 1930 या क्रमांकावर तक्रार करावी आणि आपल्या बँकेस कळवावे.

६. एकाचे वाचन, अनेकांचा लाभ

दि. 31 जानेवारी 1920 रोजी बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ सुरू केले. ते पाक्षिक होते; पंधरा दिवसांतून एक अंक. आज आपल्याकडे दर मिनिटाला नवे काही येते, तरीही कित्येक घरांत शिष्यवृत्तीची तारीख कळत नाही. आईवडील पहाटे कामावर जातात. मोबाईल असला तरी पत्रक वाचून सांगणारे कोणी नसते. म्हणून एक सूचना करतो. संस्थेच्या सभागृहात एक फळा लावावा. दोन विद्यार्थ्यांनी आळीपाळीने दर रविवारी आपल्या वहीतील पाच तारखा, मूळ पत्रकाच्या क्रमांकासह, त्यावर लिहाव्यात. याला खडूखेरीज खर्च नाही.

मोजकी खाती ठेवणारा मनुष्य जगापासून तुटतो, असे नाही. उलट त्याच्याकडे अभ्यासाला वेळ उरतो आणि दुसऱ्याला सांगण्यासारखे खात्रीचे काही असते. सभासद व विद्यार्थी यांनी या दृष्टीने प्रयत्न करावा, एवढीच अपेक्षा.

स्वाध्याय

१. आपल्या मोबाईलवरील गट व खाती मोजा. मागील महिन्यात त्यांपैकी किती उपयोगी पडली ते लिहा.

२. संस्थेच्या संकेतस्थळावरील दुव्यावरून खाते उघडणे सुरक्षित का, ते सांगा.

३. घरातील एका वडीलधाऱ्या व्यक्तीस पाच खात्यांची यादी करून द्या आणि ती कशी पाहावी ते शिकवा.