दोन सूत माया

गोधडी कोणाला ठाऊक नाही? कोणी तिला वाकळ म्हणतात. तान्ह्या बाळाची लहान गोधडी, ती दुपटे. बंगालात अशाच कामाला कांथा म्हणतात, बिहारात सुजनी. नाव वेगळे, रीत एकच. जुने, मऊ झालेले कापड थरावर थर घालायचे आणि धावदोऱ्याने शिवायचे.

उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर या भागात सिद्दी समाजाच्या बायका गोधडी शिवतात. तिला कवंदी म्हणतात. त्या कडेपासून आरंभ करतात आणि शिवत शिवत मध्याकडे येतात. चारी कोपऱ्यांना घडी घातलेले लहान तुकडे लावतात. त्यांना फूल म्हणतात. तुकडा जिथे बसेल तिथे लावायचा. अशा गोधडीला टेप लागत नाही. डोळा आणि हात पुरे.

पण गोधडी अनेक हातांची असली तर मोजावेच लागते.

गेल्या वर्षी आमच्या तुळिंजच्या साक्षरता वर्गात १६ बायका होत्या. कोणी कोकणातल्या, कोणी देशावरच्या, कोणी खानदेशच्या. आम्ही ठरवले, सर्वांची मिळून एक गोधडी करू. प्रत्येकीने आपल्या आवडीच्या नक्षीचा एक चौकोन करावा. शिवून झाल्यावर तो १२ इंच भरावा. चार ओळी, ओळीत चार चौकोन. म्हणजे ४८ इंच. भोवती सहा-सहा इंचांची पट्टी. एकूण ६० इंच, म्हणजे ५ फूट.

आता काम कसे करायचे ते पाहा.

आधी कापड धुवून घ्यावे. नवे कापड आटते, कच्चा रंग सुटतो. मग पेन्सिलीने शिवणीची रेघ मारावी. रेघेच्या बाहेर दोन सूत कापड जास्त ठेवून कापावे. ८ सूत म्हणजे १ इंच. २ सूत म्हणजे पाव इंच. या जास्तीच्या कापडाला शिंपी माया म्हणतात. माया सोडली नाही तर शिवण कापडाच्या आत सरकते आणि तुकडा लहान होतो.

चांदणी करणे किचकट. तिला त्रिकोण लागतात. त्रिकोणाची तिरपी बाजू ताणली की वाढते. म्हणून ती ओढू नये. आधी टाचण्या लावाव्या. बारीक धावदोरा घालावा. रेघ संपते तिथेच थांबावे व एक उलटा टाका घेऊन गाठ मारावी. मायेवरून शिवले तर चांदणीचे टोक बोथट होते.

कोयरी त्याहून किचकट. ती कापडावर कापड ठेवून शिवायची. पुठ्ठ्याची कोयरी कापून कापडावर आखावी. भोवती दोन सूत माया ठेवावी. आत वळणाऱ्या बाजूला मायेला बारीक चिरा द्याव्या. चीर रेघेपर्यंत नेऊ नये, नाहीतर धागे सुटतात. बाहेरच्या गोलाईला चीर नको. टोक आधी दुमडावे, मग दोन्ही बाजू. दोरा एकपदरी व हातभरच घ्यावा. लांब दोरा गुंततो. टाका वरून दिसू नये.

हे सर्व आम्ही सांगितले. पुढे काय झाले, तेही सांगतो.

एका बाईंनी सोपी नक्षी घेतली होती. ओळीत चार तुकडे, अशा चार ओळी. शिवून प्रत्येक तुकडा ३ इंच व्हायचा. फळ्यावर आम्ही लिहिले होते, ‘३ इंच आणि माया’. त्यांनी बरोबर ३ इंचांचे तुकडे कापले. १६ तुकडे जोडले. कडेची शिवण धरून मोजले तर १० इंच भरले. दोन इंच कमी!

बाई दोन दिवस वर्गाला आल्या नाहीत. आम्ही घरी गेलो. त्या म्हणाल्या, “गुरुजी, मला आकडा तेवढा वाचता आला. पुढचं अक्षर वाचता आलं नाही. बाकीच्यांनी मान हलवली, मीपण हलवली. विचारायची लाज वाटली.”

आम्ही म्हणालो, “ताई, चूक आमची. फळ्यावर लिहिलं म्हणजे सगळ्यांना कळलं, असं आम्ही धरून चाललो.”

खरेच, इतकी वर्षे शाळेत शिकवून आम्हाला हे कळू नये! हललेली मान पाहून मास्तर पुढे जातो. मागे राहिलेला मागेच राहतो.

वर्गात कोणी म्हणाल्या, “ओढून बसवू.” पण ओढलेले कापड चुण्या धरते. मग हिशेब केला. १० इंचांना १२ करायचे. चारी बाजूंना एक-एक इंच हवा. पट्टीला दोन्हीकडे माया धरायची. म्हणजे पट्टी दीड इंच रुंद कापायची. बाईंनी आपल्या आईच्या जुन्या लुगड्याचा काठ आणला. तो भोवती लावला आणि चौकोन नेमका बसला. शिवण उसवावी लागली नाही.

त्या दिवशी बाईंनी पहिला शब्द लिहिला तो ‘माया’. दोनच अक्षरे. आता त्या कापण्याआधी माप कागदावर लिहितात आणि शेजारणीकडून तपासून घेतात. न कळल्यास हात वर करतात.

तुम्हीही तसेच करा. न कळणे हा दोष नाही. कापड कापण्याआधी विचारले तर काही बिघडत नाही.

सांगा पाहू

१. एका इंचात किती सूत?
२. शिवून ४ इंच व्हायचा चौकोनी तुकडा किती इंचांचा कापाल?
३. तुमच्या घरची गोधडी कोणी शिवली? तिचे नाव लिहा.