सिलिंडरमधील मोकळी जागा

घरगुती सिलिंडरमधून व्हॅनच्या टाकीत किंवा गाडेवाल्याच्या लहान सिलिंडरमध्ये गॅस उतरवून घेण्याचा प्रकार आपल्या बेळगाव-निपाणी भागात अपरिचित नाही. त्याचे कारण बाजारभावात आहे. घरगुती गॅसवर वस्तू व सेवा कर ५ टक्के, तर १९ किलोच्या व्यावसायिक सिलिंडरवर १८ टक्के. एकाच वस्तूचे दोन भाव झाले की चोरवाट निघतेच.

परंतु या व्यवहारातील एक बाजू कोणी मांडत नाही, म्हणून मी हिशेब करून पाहिला. घरगुती सिलिंडरमध्ये सुमारे ३३.३ लिटर पाणी मावते. गॅस मात्र १४.२ किलोच भरतात. द्रवरूप गॅस लिटरला साधारण ५४० ग्रॅम भरतो, म्हणजे द्रव झाला जेमतेम २६ लिटर. उरलेला पाचवा हिस्सा मुद्दाम मोकळा ठेवतात, कारण उष्णतेने द्रव फुगतो. कारखान्यात ही जागा वजनकाट्यावर राखली जाते. सिलिंडर उलटा करून नळीने भरणाऱ्याजवळ काटा नसतो. भांडे काठोकाठ भरले तर उन्हात ते फुटू शकते. शिवाय गळलेला गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. मग एक ठिणगी पुरते.

सन २००० च्या गॅस पुरवठा आदेशाने असे भरणे निषिद्ध आहे. जमाखर्चात बचत रोज दिसते, जोखीम दिसत नाही. म्हणून ती शून्य ठरत नाही. पाच किलोचा सिलिंडर अधिकृतपणे मिळतो, एवढे तरी आपण गाडेवाल्यांना मराठीत आणि कानडीत सांगू शकतो.