उग्र वास आणि घरातील कीटक

साखरेच्या डब्यात चार लवंगा टाकल्या की मुंग्या कमी येतात, हे आपल्या घरी पाहिलेच असेल. यामागील कारण काय?

कीटकांना नाक नसते. डोक्यावरील मिशांनी, म्हणजे शृंगिकांनी, ते वास घेतात. मुंग्या पुढच्या मुंगीने जमिनीवर सोडलेल्या गंधाच्या मागावर चालतात. उग्र वासाने हा माग झाकला जातो व त्या गोंधळतात. लवंगेतील युजेनॉल हे द्रव्य तर कीटकांच्या मज्जासंस्थेवरच परिणाम करते. लसणाच्या अख्ख्या पाकळीला फारसा वास नसतो. ती ठेचली की ॲलिसिन तयार होऊन दर्प सुटतो. वनस्पतीला पळता येत नाही. कुरतडणाऱ्या शत्रूपासून बचावासाठी तिच्याजवळ हेच शस्त्र असते.

परंतु या उपायाला मर्यादा आहेत. वास उडाला की कीटक परततात. शिवाय सोंडकिड्याची मादी गव्हाचा दाणा पोखरून आत अंडे घालते. आतील अळीपर्यंत वासाचा प्रभाव सहसा पोहोचत नाही. म्हणून गहू, ज्वारी प्रथम कडक उन्हात वाळवावी, चाळावी, कोरड्या व घट्ट झाकणाच्या डब्यात भरावी. मगच कडुलिंबाचा सुकलेला पाला घालावा.

ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या मात्र राहत्या घरात कदापि वापरू नयेत. त्यांतून निघणारा फॉस्फीन वायू झोपलेल्या माणसांचाही जीव घेतो. धान्य वाचवताना घरातील माणसे आधी वाचली पाहिजेत.