पांढरी शीर

पोरी, तुझ्या नव्या गॅलरीत सकाळचं पाच-सहा तास ऊन येतं म्हणालीस ना, मिरचीला तेवढं पुरे. ही चार रोपं घेऊन जा. भावनगरी आहे, लांब, पोपटी, जाड सालीची. नुसती तोंडी लावायची नव्हे, भाजी करूनही खायची मिरची. आपल्या मुलुंडात गाठियाबरोबर ती घरोघरी खातात, बाजारात कधीही मिळते. पण झाडावरून काढून तासाभरात कढईत टाकलेलीची चव त्या मिरचीला नाही.

मी बी पेरते गणपती उठल्यावर. त्याआधी इथला पाऊस इतका लागून राहतो की ग्रिलमधल्या कुंडीतही मुळं कुजतात. आणि मेमध्ये पारा 35च्या वर गेला की फुलं येतात नि तशीच गळतात. गणपतीनंतरची मिरची थंडीत फुलते, मार्चपर्यंत पुरवते.

कुंडी 12 इंचांची तरी हवी, खालचं भोक मोकळं. खत दर 20 दिवसांनी मूठभर गांडूळखत, बस्स. लाडाने जास्त घातलंस तर झाड नुसतं पानांनी माजेल.

पाण्याचं मात्र नीट ऐक. झाडाला तहानेने ताण बसला की मिरची तिखट होते. आज बादलीभर, मग चार दिवस काही नाही, असं करू नकोस. रोज सकाळी मातीत बोट दोन पेरं घालून बघ, कोरडं लागलं तरच घाल. आणि मिरची वीतभर झाली की तोड, झाडावर पिकू दिलीस तर पुढचं फूल थांबतं.

पानं चुरगळलेली दिसली तर उलटी करून बघ. कडा वर वळल्या असतील तर फुलकिडे, खाली वळल्या असतील तर कोळी. दोन्हींना एक लिटर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल, साबणाचे दोन थेंब, आणि फवारायचं ऊन उतरल्यावर. दोन-तीनदा करूनही नवीन पालवी वेडीवाकडीच येत असेल तर ते झाड उपटून टाक, जीव गुंतवू नकोस. बाकीची तीन वाचतील.

माझी एक चूक तुझ्याकडून नको व्हायला. ठेच्यासाठी मी भावनगरीच्या शेजारीच लवंगी लावली होती. त्या वर्षी काही बिघडलं नाही, भावनगरी भावनगरीच राहिली. पण मधमाश्यांनी इकडचा पराग तिकडे नेला होता, आणि मी ठेवलेल्या बियांत लवंगी उतरली. पुढल्या वर्षी पोपटी, देखण्या मिरच्या भरून पाहुण्यांना वाढल्या नि तुझ्या आजोबांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी! पाणी पिऊन आग थांबेना. तिखट पाण्यात विरघळत नाही गं, दूध-दही द्यावं लागतं. चार वर्षं जपलेलं बी मी त्या दिवशी फेकून दिलं, आजही हळहळ वाटते.

आता कढईकडे ये. सगळे म्हणतात, तिखट बियांत असतं. तसं नाही. बिया ज्या पांढऱ्या शिरेला चिकटलेल्या असतात ना, तिच्यात असतं. मिरचीला एकाच बाजूने चीर दे, देठ ठेव, आणि चमच्याच्या दांड्याने ती शीर खरवडून काढ. आधी हाताला तेल चोळून घे.

सारणाला डाळीचं पीठ मंद आचेवर खमंग वास सुटेपर्यंत भाज. कच्चं राहिलं तर सगळं फुकट. त्यात दाण्याचा कूट, भाजलेले तीळ, धणे-जिऱ्याची पूड, हळद, मीठ, ओवा हातावर चोळून, गूळ आणि चिंचेचा कोळ. सारण दाबून भरू नकोस, मिरची फुटते. तेलात मोहरी-हिंग, मिरच्या एका थरात, वर झाकण आणि झाकणावर पाणी. वाफेवर दहा मिनिटं, मग झाकण काढून चट्टे पडेपर्यंत परत. खाली सांडलेलं सारण कढईला लागून कुरकुरीत होतं, ते तुझ्या आईला आवडायचं. मुलांना तेच आधी दे, वरणभातावर.

फेब्रुवारीत प्रत्येक झाडावरची एक सरळ, जाड मिरची निवडून देठाला लाल दोरा बांध. ती लाल होऊन सुरकुतेपर्यंत कुणाला तोडू देऊ नकोस. बिया सावलीत वाळव, कागदाच्या पुडीत ठेव, पुडीवर वर्ष लिही. आणि अर्ध्या मला पाठव.